द्वारकाक्का बसमध्ये चढली का?

यवतमाळ,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सुरभीचा शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होतो तरी हे पत्र लिहिते आहे, कारण आपल्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी तोंड उघडलं की बाबा खोकतात, कपिल माझी नक्कल करतो आणि तू चुलीपाशी बसून जेवली काय व, एवढंच ओरडतेस. त्यात मनातलं काय सांगणार! माझी खोलीमैत्रीण रौशन हिचे अब्बा, आपले बाभुळगावचे मन्सूरभाई, दर गुरुवारी मोटरपंपाचे सुटे भाग घ्यायला इथे येतात. त्यांच्या पिशवीत हे पत्र आणि एक कादंबरी पाठवते आहे. पुस्तक कॉलेजच्या वाचनालयाचं आहे. त्यावर वरणाचा हात लावू नकोस.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ही कादंबरी नेमली आहे. यात द्वारकाक्का नावाची बाई आहे. भावाची बायको वारते, म्हणून ती भावाची पोरं सांभाळायला येते आणि राहूनच जाते. वर्गात सगळ्यांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं, गाईडमध्येही तेच छापलंय. मला मात्र तिचा राग आला, आत्या. आंबे कापले की ती पोरांना फोडी देते, स्वतः कोय चोखते आणि मला कोयच आवडते असं सांगते. पोरं बिचारी जन्मभर तेच खरं मानतात. तिला तालुक्याच्या शाळेतून शिकवायला बोलावणं येतं, तर ती पोरांचं नाव पुढे करून नाही म्हणते. पोरांना कोणी विचारलं का? मी त्या घरात असते तर म्हटलं असतं, अक्का, फोड खा आणि शाळेत जा, आमच्या डोक्यावर हे ओझं ठेवू नको.

ट्युटोरियलमध्ये मी हेच लिहून दिलं. सरांनी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढून भेटायला बोलावलंय. धाकधूक आहे. तू वाच आणि मी चुकते आहे का ते कळव.

यंदा कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा झाली तेव्हा मी नव्हते. माझ्या वाट्याचा दहीभात कपिलनेच हाणला असणार. बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो स्पीकरवर न ठेवता माझ्यापुरता असू दे.

तुझी,
सुरभी

ता. क. इथल्या स्टँडवर तुझी शाळेतली मैत्रीण जमनीमावशी भेटली. झरीच्या मुलींच्या वसतिगृहात यंदाही देखरेखीच्या बाईची जागा रिकामी आहे, तुला विचारायला सांगितलंय. तू नाहीच म्हणशील, असं मी तिला सांगून टाकलं.



यवतमाळ,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या गुरुवारी मन्सूरभाई रिकाम्या हाताने आले, आजही तसेच. आज विचारलं तर म्हणाले, तुझी आत्या दिसली पण चिठ्ठीबिठ्ठी काही दिली नाही, कापसात आहे ती. फोनवर तू फक्त कपिलच्या खोकल्याबद्दल बोलतेस.

आत्या, तू रागावलीस. मी पत्र पाठवल्यावर त्याच रात्री रौशनला सगळं वाचल्यासारखं सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, बावळट पोरी, तू तुह्या आत्यालेच बोलून आली न! मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. आई गेली तेव्हा तू आठ दिवसांसाठी आलीस आणि राहिलीस. तव्यावर भाकर करपली की ती तू आपल्या ताटात घेतेस आणि मले अशीच आवडते म्हणतेस. मी ते इतक्या वर्षांत खरंच मानलं होतं. पुस्तकातल्या बाईचं खोटं पहिल्या पानावर कळलं आणि तुझं समोर बसून कळलं नाही.

मी तुझ्याबद्दल लिहिलं नव्हतं गं. किंवा लिहिलं असेल, पण मला ते माहीत नव्हतं. सरांनी मात्र शाबासकी दिली. प्रश्नचिन्ह कशाचं विचारलं तर म्हणाले, एवढी चिडलीस, कारण काय ते लिहिलंच नाहीस. आता कारण कळलंय आणि ते मला कुठेच लिहायचं नाही.

पुस्तक वाचू नकोस. तसंच परत पाठव. दोन ओळी लिही, रागाच्या का असेना.

लोभ होता तेवढा उरला असेल, या आशेवर,
सुरभी



बाभुळगाव,
४ डिसेंबर २०२४

चि. सुरभीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला तो रागाने नाही, वाचनाने. तू मोठी विद्यार्थिनी, एका बैठकीत पुस्तक संपवतेस. माझं तसं नाही. शिवाय मी एकटी वाचत नव्हते. पुस्तक शेतात नेलं. दुपारी वेचणीच्या बाया भाकर खायला बोरीखाली बसल्या की मी मोठ्याने वाचायची. वरणाचा हात लागला नाही. एका पानावर ठेच्याचं बोट आहे, ते बसंतीबाईचं.

या बायांनी द्वारकाक्काची काय हालत केली म्हणतेस! नारळाच्या मुलुखातली बाई, तिला कापूस नाही, तूर नाही, तरी हिला एवढं काम कायचं, इथून सुरुवात. तिने कोय चोखली तेव्हा बसंतीबाई म्हणाली, हे खोटी आहे, माही सासू अशीच होती, कोय खाऊ खाऊ साऱ्या घराले गुन्हेगार करून ठेवलं तिनं. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग हातातला घास फडक्यात परत ठेवला.

सुरभी, मला करपलेली भाकर आवडत नाही. कधीच आवडली नाही. हे लिहिताना इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी तुझ्यासाठी राहिले ते मनापासून राहिले, त्याचा मला पस्तावा नाही. पण तू शिकायला गेलीस, कपिलच्या ओठावर मिसरूड आलं, तरी मी दर वर्षी जमनीला नाही म्हणत राहिले. लेकरं लहान आहेत म्हणायची. खरं तर मला भीती वाटायची की मी गेले आणि घर आरामात चाललं तर मग मी कोण? तुझं पत्र वाचून दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी वाटलं, पोरगी मला मोकळं करून राहिली आहे. आता मीच दाराची कडी धरून कायले बसू?

आणि मला सगळ्यात आवडला तो शेवट. मी समजत होते की लेखक तिला घरातच मारेल. पण द्वारकाक्का थैली भरते, फाट्यावर जाऊन उभी राहते, लांब बसचा धुरळा दिसतो आणि पुस्तक संपतं. काय सुंदर थांबला आहे तो! ती चढली की नाही यावर बोरीखाली भांडण झालं. बसंतीबाईने निकाल दिला, चढली न, थैली घेऊन कोणी दूध आणाले जाते काय? त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी जमनीला फोन लावला. येते म्हणाले. संक्रांत झाली की निघायचं.

दादा, म्हणजे तुझे बाबा, त्या रात्री ऐकून सरळ झोपायला गेले. सकाळी म्हणाले, तूर कोण वाळू घालीन? कपिल म्हणाला, मी घालतो, अन् भाकरीही करतो, पण करपली त बाबा खातीन. दादा हसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता तू खरं सांग. सुट्टीत घरी येशील तेव्हा मी नसेन. चालेल तुला? तू नको म्हणालीस तर मी अजून थांबेन. जमनीने जागा धरून ठेवली आहे. बसंतीबाईला त्या लेखकाचा पत्ता पाहिजे, त्याला तुरीच्या शेंगा पाठवणार आहे.

जपून राहा, पोटभर जेव. माझा लोभ करपलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
भागीरथा



यवतमाळ,
५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मन्सूरभाई खाली चहा घेत थांबलेत आणि दर दोन मिनिटांनी ओरडतात की बेटा, निबंध लिहून राह्यली काय, म्हणून अक्षर वाईट येईल. तुझं पत्र वाचून आधी मी रडले, मग नाचले, आणि तू पुस्तकाच्या शेवटाबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचल्यावर नाचता नाचता थांबले.

आत्या, पुस्तक तिथे संपत नाही.

वाचनालयाच्या त्या प्रतीची शेवटची पानं गळाली आहेत. मला माहीत होतं. मी शेवट रौशनच्या पुस्तकातून वाचला आणि तुला सांगायचं विसरले. रौशन म्हणते, आता चूप राह्य, काही बिघडलं नाही, जाऊ दे तिले. तासभर मीही तसंच ठरवलं होतं. पण कोयीपासून जे खोटं सुरू झालं ते मी पुढे चालवू शकत नाही. तू जाशील तर सगळं माहीत असून जा.

बस येते. द्वारकाक्का एक पाय पायरीवर ठेवते. इतक्यात धाकटा भाचा अनवाणी धावत येतो, तिच्या लुगड्याला मिठी मारून रडतो. ती पाय खाली घेते, त्याचे डोळे पुसते आणि घरी परत जाते. बस निघून जाते. शेवटच्या ओळीत ती दिवा लावते. हा शेवट उदात्त आहे, असं गाईडमध्ये लिहिलंय आणि परीक्षेत दर वर्षी त्यावर प्रश्न येतो. मला राग आला होता तो खरा याच पानांचा, आणि तीच तुझ्या हाती आली नाहीत.

तू विचारलंस ते सांगते. चालेल मला. सुट्टीत मी घरी जाईन, कपिलच्या भाकरी खाईन आणि मग झरीला तुझ्याकडे येईन. मी रडत येणार नाही. कपिललाही धावू देणार नाही, तंबी देऊन ठेवते. त्या लेखकाचं ऐकून मागे फिरू नकोस गं. बसंतीबाईचं ऐक.

मन्सूरभाईंनी आता गाडी सुरू केली. लोभाचं पुढच्या वेळी सविस्तर लिहीन, तोवर तो आहे असं धरून चाल.

तुझी,
सुरभी



झरी जामणी,
२२ जानेवारी २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

इथे मन्सूरभाई नाहीत, म्हणून हे पोस्टाने. मी सुखरूप पोचले हे फोनवर कळलंच आहे. तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही ते मुद्दाम. बसमध्ये चढल्याशिवाय काय लिहिणार होते?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाटलं, बघा, शेवटी पुस्तकातली बाईसुद्धा परतलीच. दुसऱ्या दिवशी बोरीखाली ती गळालेली पानं तुझ्या पत्रातून वाचून दाखवली.  मग बसंतीबाई भडकली. म्हणाली, त्या लेखकाले शेंगा कॅन्सल, त्याले एक दिवस वेचणीले आणा, मंग समजीन कोणाले घरी पाठवा लागते ते. माझ्याकडे वळून म्हणाली, तू कायले तोंड पाडून बसली व, तुहं पुस्तक त्यानं लिहिलं काय?

निघायचा दिवस आला. तुझा पेपर होता म्हणून यवतमाळच्या स्टँडवर आपली भेट होणार नव्हती, ते एका अर्थी बरंच झालं. दादांनी थैली उचलून बाभुळगावच्या थांब्यावर आणून ठेवली आणि कापसाच्या गाडीमागे निघून गेले. त्यांना डोळे पुसताना कोणी पाहिलेलं आवडत नाही. बस आली. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागून आत्या, ओ आत्या अशी हाक आली. वळून पाहते तर कपिल. अनवाणी, रस्त्याच्या मधून धावत येतो आहे.

सुरभी, मी दांडी घट्ट धरली. पाय तिथेच. कंडक्टर घंटी धरून उभा. मनात आलं, झालं, आली ती पानं. कपिल धापा टाकत पोचला, माझ्या पदराला नाही, हाताला धरलं आणि हातात चष्म्याचं घर कोंबलं. म्हणाला, चुलीपाशी राह्यलता, आता चढ न लवकर, लोकं खोळंबले. आणि मागून असं ढकललं मला की मी थेट कंडक्टरच्या अंगावर.

मी इतकी हसले की शेजारच्या बाईने पाणी विचारलं. यवतमाळ येईपर्यंत मधूनमधून हसतच होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते वेगळं.

इथे जमनी सकाळी चहा आणून देते आणि गरम असतानाच पी म्हणून उभी राहते. मुली माझ्या बोलण्याला हसतात, मी त्यांच्या. एकमेकींची भाषा निम्मी निम्मी कळते. काल एकीने केलेली भाकर करपली. सवयीने माझा हात तिकडे गेला, पण मी तो मागे घेतला आणि विचारलं, हे कोणाले आवडते? कोणालाच नाही. मग ती गाईला दिली. गाईने आवडीने खाल्ली, निदान तिने तसं दाखवलं.

परीक्षेत शेवटाबद्दल विचारलं तर पुस्तकात आहे तेच लिही, गुण घालवू नकोस. तुला काय वाटलं तेही खाली लिही, आणि या वेळी कारणासकट. पुढची कादंबरी पाठवशील तेव्हा आधी पानं मोजून घे. नाहीतर मोजू नकोस, राहू दे. सुट्टी लागली की ये. दोन गरम भाकरी होतील, एक तुला, एक मला.

तुझा माझ्यावर आणि माझा तुझ्यावर लोभ आहे. त्याचं एकही पान गळू नये, हीच इच्छा.

तुझी,
आत्या