दोन वर्षं पूर्ण

९ नोव्हेंबर २०२१

प्रिय ताई,

कशी आहेस? इथे आम्ही दोघं मजेत. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तू येणार म्हटल्यापासून तीच जास्त पळतेय. गाद्या उन्हात टाकून झाल्या, पडदे दोनदा धुतले. मी म्हटलं, "अगं, ती काय पडदे बघायला येतेय?" तर म्हणाली, "तू तुझी चौकशी खिडकी सांभाळ."

हो, घरात आता माझं हेच नाव आहे. विमानाचे नियम कोणाला विचारायचे? खिडकीला! शेजारच्या काकूसुद्धा विचारून जातात. तर ऐक. दादूची कोविड टेस्ट उड्डाणाआधीच्या तीन दिवसांत करायची. घरचं किट चालत नाही, लॅबचाच रिपोर्ट हवा आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. परवा व्हिडिओवर मला म्हणाला, "मामा, ती काडी मेंदूपर्यंत जाते." मी म्हटलं, "तुला काय टेन्शन? तिथे काही लागणारच नाही." केवढा हसला! तू पण हसलीस. पाठमोरी होतीस, पण खांदे हलताना दिसले.

एवढं मोठं मेल लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं विषय बदलण्यात एक्स्पर्ट झालोय. आणि मराठीत, कारण इंग्लिशमध्ये लिहिलं की मी हेल्पलाईनसारखा वाटायला लागतो. शुद्धलेखन तपासू नकोस, प्लीज.

जीजूंनी तुला सांगितलं नसणार. मला म्हणाले होते, "तिला यात घेऊ नकोस, मी बघतो." त्यांनी बघितलं. मग मी बघितलं. आता तुलाच सांगावं लागतंय.

तिकीट काढलं तेव्हा ते चौघांचं होतं. उड्डाणं बंद झाली, तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. दरवेळी अख्खं बुकिंग जसंच्या तसं सरकत आलं. ताई, त्यात गुंडी अजून आहे.

मला वाटलं, एक बटण दाबलं की झालं. पण मांडीवरचं बाळ म्हणून तिचं नाव तुझ्या तिकिटाला जोडलंय. मागच्या आठवड्यात, तिच्या वाढदिवशी, ॲपवर लाल पट्टी आली. या प्रवाशाला दोन वर्षं पूर्ण झाली, आता टेस्ट लागेल, वेगळी सीट लागेल. खाली एक हसणारं विमान. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीच कोणाला फोन केला नव्हता.

खरं सांगू? वाचलं आणि क्षणभर मला आनंद झाला. दोन वर्षांची झाली! मग आठवलं. तेव्हापासून रोज ते उघडून बघतो.

फेब्रुवारीत ती गेली, तेव्हा आई आणि मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून तिला निरोप द्यायला बसलो होतो. मध्येच नेट अडकलं आणि स्क्रीनवर तू तशीच थांबलीस, वाकलेली. आई म्हणाली, "हलव ना रे ते." काय हलवू? या घरात गुंडीला कोणी एकदाही उचलून घेतलं नाही. त्यामुळे इथे ती गेली असं वाटतच नाही, ती यायची राहिलीये असंच वाटतं. आणि आता एक मशीनही तेच म्हणतंय.

हेल्पलाईनच्या बाईंनी तर अभिनंदन केलं. "आता राजकन्येला स्वतःची सीट!" मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. थँक्यू! दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच मागून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी माफी मागितली आणि बुकिंग पुन्हा उघडलं.

प्रॉब्लेम असा आहे. तिचा रिपोर्ट भरल्याशिवाय तुमचे कोणाचेच बोर्डिंग पास निघणार नाहीत. काउंटरवर कोणीतरी सगळ्यांसमोर तुला विचारेल, "बाळ कुठे आहे?" सगळं रद्द करावं, तर मार्चपर्यंत सीट नाही. आणि मांडीवरचं मूल तिकिटावरून काढायचं, तर त्याच्या आईलाच तोंडाने सांगावं लागतं. मामाचं चालत नाही, बाबांचंही नाही. मी भांडलो, मॅनेजर मागितला, शेवटी रडलो पण.

त्यातून एवढंच जमलं. कारण विचारणार नाहीत. तुला ते वाक्य बोलावं लागणार नाही. बाई म्हणतील, "मूल प्रवास करणार नाही, बरोबर?" तू फक्त "हो" म्हणायचं. त्या म्हणाल्या, "मी नाव उच्चारणार नाही. पण हो मला ऐकू यावंच लागेल."

तू अजून "गुंडीला गाजर आवडत नाही" असंच म्हणतेस. आम्ही कोणी दुरुस्त करत नाही. मला तसंच आवडतं. म्हणून माहितीये, मी तुझ्याकडे केवढा मोठा शब्द मागतोय.

आईला विचारलं, "ती नाही म्हणाली तर?" आई घडी घालता घालता म्हणाली, "तर नाही म्हणू दे. मार्च काय पळून जातोय?"

शनिवारी दुपारी दादू खेळायला गेला की मी फोन लावेन, तुझा, माझा आणि त्या बाईंचा. मी म्यूटवर जाणार नाही, शेजारीच बसलोय असं समज. शब्द आला नाही, तर मी म्हणेन, लाईन खराब आहे, नंतर करतो. तुला काही एक्स्प्लेन करावं लागणार नाही.

तुझा धाकटा,
आणि दोघांचाही मामा