माझ्या चुका वेगळ्या काढ

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला घेतलं की तुझे बाबा कान टवकारतात, म्हणून हा पाठकोरा कागद. संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंगचे तू नवशिक्यांसाठी धडे रचतेस आणि प्रत्येक धडा आधी माझ्याकडून सोडवून घेतेस, याचं मला किती अप्रूप आहे ते देवालाच ठाऊक. "आई, तू अडशील तिथे सगळेच अडतील," म्हणालीस आणि मॅट्रिक झालेल्या बाईला कामाला लावलंस. बाबा म्हणतात, "आधी पगाराचं बोल, नाहीतर पोरगी फुकटात राबवेल." मी कंस बंद करायला विसरले, त्यावरून तू 'कंस उघडा राहिला, दार लावा' ही सूचना घातलीस. ती पडद्यावर उमटली की मी एकटीच हसते.

परवा सरासरीचा धडा उघडला. नवा समजून मन लावून सोडवला, 'तपासा' दाबलं. हिरव्या खुणेखाली आलं, 'हा धडा तुम्ही आधीच पूर्ण केला आहे.' म्हटलं, यंत्राचीच चूक. मागचं उघडून बघते तर उत्तरं माझीच, प्रत्येक स्वल्पविरामाआधी माझ्या खोडीप्रमाणे जागा सोडलेली. मला मात्र काही म्हणजे काही आठवेना. देवापुढे जाऊन बसले, तर रोजच्या स्तोत्राची दुसरी ओळ सापडेना. पहिलीच घोळवत राहिले. बाबांना वाटलं, आज भक्तीला भरती आली आहे.

मग तुझे अलीकडचे सगळे धडे पुन्हा पाहिले. तुझी सूचना आता मी चुकायच्या आधीच येते. भरायच्या जागा कमी झाल्यात. शेवटच्या धड्यात तर उत्तर शेजारीच लिहिलेलं. नवशिक्यांचे इतके लाड कुणी करत नाही गं. तू ओळखलंयस. आईला सांगायचं कसं, म्हणून धडेच सोपे करत गेलीस. फोनवर मधेच "आज वार कोणता?" विचारतेस, तेही आत्ता उमगलं.

मरणाची भीती नाही, ते त्याच्या हातात. पण एखाद्या सकाळी चहाचा कप पुढे करणाऱ्या तुझ्या बाबांना मी "आपण कोण?" विचारलं तर? हा विचार आला की हातातली भाजी तशीच राहते.

म्हणून लिहायला बसले. माझ्या चुका आता नवशिक्याच्या नाहीत, त्या वेगळ्या काढ. माझ्यापायी परक्यांची पोरं कच्ची राहायला नकोत. धडे होते तेवढे अवघड कर. आणि लवकर ये, मला डॉक्टरांकडे ने. बाबांना तू आल्यावर दोघी मिळून सांगू. डॉक्टर मला काहीबाही विचारतील, तेव्हा शेजारी बस, हात धर. पण मी कितीही अडले तरी सूचना देऊ नकोस.

तुझीच,
आई