टायर लहान म्हणून

५ मार्च, गुरुवार
केरू ड्रायव्हर बोटीवर नोकरीला गेला. आंबा तयार होत आला आणि आमचा छोटा ट्रक अंगणात उभा. ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याने ह्यांना चालवायला मनाई. म्हणून शिमग्यात, पालखीसमोर, चारचौघांत मी जाहीर केले आहे: पाडव्याला पहिल्या पेट्या रत्नागिरीच्या बाजारात मी स्वतः नेईन. चुलत दीर दाजी म्हणाले, वहिनी, नाही जमलं तर ट्रक मला द्यायचा हां. मी म्हटले, दिला. सगळे हसले. शब्द गेला तो गेला.
लायसन्स चौऱ्याण्णव सालचे आहे. वेळोवेळी रिन्यू केलेले. कधी वापरले नसल्याने अगदी नव्यासारखे आहे.
भीती वगैरे नाही.

६ मार्च
फाटकापर्यंत जाऊन परत आले. फाटकाबाहेर लगेच सड्याच्या पठारावरून खाली जाणारा उतार. तीस वर्षे पाहते आहे, इतका उभा कधी नव्हता. गुडघे थरथरत होते. इंजिनाची कंपने. सून मनिषा म्हणाली, आई, इंजिन बंद आहे. म्हणाली, मी चालवू का? नको म्हटले. तिचे कॉमर्स आहे.

७ मार्च
कारण सापडले. टायर लहान आहेत.
सीट त्यामुळे खाली, आणि रस्ता अंगावर येतो. मी बी.एस्सी. फिजिक्स आहे, हे घरात सगळे विसरलेले दिसतात. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते. फेऱ्या कमी, म्हणून इंजिन शांत, म्हणून डिझेल कमी. शिवाय उंच बसले की समोरचा डंपरवाला वचकून राहतो. शाळेत शिकवत असताना दहावीच्या वर्गावर जायचे असले की मी टाचेच्या चपला घालीत असे. तत्त्व तेच.
हे म्हणाले, अगं, कंपनीने काहीतरी विचार करूनच माप दिलं असेल ना? मी म्हटले, कंपनीने आपला उतार पाहिलेला नाही.

१० मार्च
टायर बसले. टायरवाला स्वरूप म्हणाला, काकी, एक नंबर दिसत्येय गाडी, लोक वळून बघतील. खरे आहे. काळे, जाड, खोल नक्षीचे. शेजारच्या आनंदीबाई पायरीवरूनच ओरडल्या, अगो बाय माझे, हा ट्रक की रेडा! कौतुक समजावे.
एक किरकोळ अडचण. चढता येत नाही. मनिषाने स्टूल आणले, ते पुरेना, मग चौरंग. वर बसल्यावर मात्र खूप लांबचे दिसते. विशेषतः उतार. आता तो तळापर्यंत सलग दिसतो. हा मुद्दा अगोदर लक्षात आला नव्हता.
आज गाडी काढली नाही. नवे टायर एक दिवस जागेवर स्थिरावू द्यावेत.

१२ मार्च
उतरले! मनिषा शेजारी होती. काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. मोठ्याने स्तोत्र म्हणत होते. पाठांतर सुटू नये म्हणून.
भाट्याच्या पुलावर स्कूटरवाल्याला चुकवायला स्टिअरिंग वळवले आणि खालून खर्रर्र असा आवाज. टायर मडगार्डला घासतो. तपासणीसाठी थांबले. तपासणी बसूनच केली. मागे एसटी. ड्रायव्हर म्हणाला, ओ मावशी, पुढे जाताय की पुलावरच बिऱ्हाड करताय? बसमधून कोणी बाई म्हणाली, असू दे हो, बघू दे तिला खाडी. खाडीकडे मी मुळीच पाहिले नाही. पाणी नेहमीपेक्षा फार जवळ होते.
शेवटी कंडक्टर खाली उतरून पुढे हात हलवत चालला, मागे मी, माझ्या मागे एसटी. लग्नाच्या वरातीचा वेग असाच असतो. पूल पार केला हे महत्त्वाचे.
तळहात ओले. रत्नागिरीची हवा दमट आहे.

१४ मार्च
एव्हरेज काढले. पूर्वी तेरा, आता दहा. हे काळ्या चष्म्याआडून हसले. मी समजावले, चाक मोठे झाल्याने मीटर किलोमीटर कमी मोजतो, दुरुस्ती करून अकरा येते. बाकीचे समोरच्या वाऱ्याने खाल्ले. हे म्हणाले, जातानाही समोरून आणि येतानाही समोरूनच? समुद्रावरचा वारा आहे, त्याला काही नियम नाही.
दुपारी, भाजी निवडताना, लख्खकन लक्षात आले. मीटर अंतर कमी मोजत असेल तर वेगही कमीच दाखवणार. म्हणजे परवा काटा चाळीसवर होता तेव्हा मी चव्वेचाळीसने जात होते. उतारावर. मी!
तशीच जमिनीवर बसून राहिले. आनंदीबाईंनी साखरपाणी दिले. त्या म्हणाल्या, पण पोचलात ना सुखरूप? त्यांना समजावण्यात अर्थ नाही.
निश्चय: यापुढे पंचवीस. मीटरवरचे पंचवीस नव्हे, खरे.

१६ मार्च
पेट्यांच्या वजनाचे जांभ्याचे चिरे भरून सराव. जाताना ठीक. येताना चढणीच्या मध्यावर म्हैस. थांबले. म्हैस गेली, ट्रक हलेना. चाक मोठे असले की ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, हे मला अर्थातच माहीत होते. ट्रक मागे सरकला. हातभर. मग आणखी.
हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी धरून बसले. ओरडले नाही. मनिषा म्हणते, आई, वाडीत ऐकू गेलं. तिने खाली उडी मारून चाकामागे चिरा लावला, वर येऊन म्हणाली, आता सोडा. मी सोडणारच होते. बोटे ऐकत नव्हती. तिने ती एकेक करून सोडवली, मला बाजूला सरकवले आणि ट्रक घरी आणला. माहेरी खेडला वडिलांचा टेम्पो चालवायची म्हणे. कधी बोलली नाहीस, म्हटले. तर म्हणाली, विचारलंत कुठे?
जेवण गेले नाही. उन्हाने असेल.

१७ मार्च
जुने टायर परत बसवून घेतले. शास्त्रात पडताळणी करावी लागते. दोष मोठ्या टायरचा होता, हे आता सिद्ध. पाडव्याला मीच चालवणार. लहान टायरवर जमीन जवळ असते, ते बरे.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. पेट्या चढल्या. दाजी नवा सदरा घालून उताराच्या पायथ्याशी उभे, किल्ली घ्यायला. वरूनही त्यांचे दात दिसत होते.
बसले. फाटकापर्यंत उत्तम नेला. तिथे थांबले. मोठे टायर झाले, लहान झाले; उतार होता तेवढाच होता. मनिषा शेजारी बसली होती.
मी म्हटले, मागचे टायर चालत्या गाडीत तपासायला हवेत, आणि ते आत बसून दिसत नाहीत. उतरले. मनिषा माझ्या जागी बसली. संबंध उतार मी मागचा फाळका धरून ट्रकमागून चालत गेले.
दाजी म्हणाले, वहिनी, तुम्ही नेणार होतात ना? मी म्हटले, नेतेच आहे. ते म्हणाले, मग किल्ली? म्हटले, किल्ली चालवणाऱ्याकडे असते, तिच्याकडे मागा. मनिषाने ट्रक थांबवला नाही. दाजी थोडे पळाले. मलाही पळावे लागले.
पुलाच्या तोंडाशी तिने ब्रेक लावला आणि खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, आई, कसे आहेत टायर?
मी म्हटले, फिरतायत.