उपड्या वाटीखालची भाजी

मावशी, शिरूरच्या त्या वृद्धाश्रमात मी व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा दौंडहून आलेल्या तुम्ही तिथल्या स्वयंपाकघरात कधीच्या रुळला होतात. मला फोडणीही धड येत नव्हती, पण शहाणपण भरपूर. पहिल्याच महिन्यात मी जेवणघराच्या दाराशी सूचनांची वही टांगली. आजी-आजोबांनी जेवणाबद्दल मनातलं लिहावं, म्हणजे आपल्याला सुधारता येईल. वही भरली, आणि पानोपानी एकच, जेवण छान आहे. मी हरखून गेले. तुम्ही भाकरीचं पीठ मळता मळता म्हणालात, "बाई, अन्नाला नावं ठिवू न्हाई असं शिकलेली मानसं ही. त्यात वाढणारी समोर उभी. कोण लिहील वंगाळ?" मला रागच आला होता तुमचा.

त्याच दिवसांत कोपऱ्यातल्या खाटेवरचे आबा वाळत चालले होते. आश्रमाचा नियम कडक, स्वतःच्या पायांनी जेवणघरापर्यंत येता आलं नाही की घरी पाठवायचं. आबांचं ताट तर आधीच खाटेवर जाऊ लागलं होतं. त्यांचा मुलगा कारेगावला कंपनीत, भाड्याची एक खोली, नवरा-बायको दोघंही शिफ्टला. तिथं आबांना पाणी तरी कोण देणार? मी रोज विचारायचे, आबा, जेवण कसं होतं? "झ्याक हाय की." मग एका दुपारी तुम्ही मला हाताला धरून भांडी घासायच्या मोरीवर बसवलंत. "वहीत काय बघताय, ताटं बघा." एकेक उष्टं ताट येतंय. कुणाच्या भाकरीच्या कडा उरल्यात, कुणी मटकीला हात लावलेला नाही. आबांचं ताट वरवर स्वच्छ. तुम्ही त्यातली उपडी वाटी उचललीत, तर खाली सगळी भाजी आणि भाकरी तशीच. टाकलेलं कुणाला दिसू नये म्हणून झाकलेली.

तुम्ही आबांना आपल्या जेवणाबद्दल विचारलंच नाहीत. खाटेशी बसलात आणि म्हणालात, "आबा, तुमच्यात थंडीचं कारभारीन खायला काय करायच्या?" चार शब्द न बोलणारे आबा अर्धा तास बोलले. कारभारणीच्या हातचं हुलग्याचं माडगं, पातळ, लसणाच्या फोडणीचं, त्यात भाकरी कुस्करायची. "दात गेले तवापास्नं त्येच खात व्हतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही माडगं केलंत. आबांनी दोन वाट्या घेतल्या. महिन्याभरात काठी टेकत ते जेवणघरात येऊ लागले, आणि शेवटपर्यंत आपल्याकडेच राहिले. पुढं आपण प्रत्येकाला तसंच विचारत गेलो. नंतर मी जिथं जिथं काम केलं तिथं वही मागायच्या आधी मोरी गाठली. मला जे काही येतं ते तुमच्यामुळे येतं, मावशी.

पण एक सांगायचं राहिलं. वर्षअखेरीच्या मीटिंगमध्ये ट्रस्टींनी विचारलं, जेवणात एवढा फरक कसा पडला? मी उभी राहून सगळं सांगितलं, आणि ही पद्धत मला सुचली असं म्हणाले. वळून बघते तर चहाचा ट्रे घेऊन तुम्ही मागेच उभ्या. तुम्ही पहिला कप मला दिलात. "घ्या बाई, बोलून घसा सुकला आसंल." त्यात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. टोमणा असता तर मी त्याच दिवशी तुमचे पाय धरले असते. आता हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, आणि खरं सांगायचं तर पत्ता होता तेव्हाही मी लिहिलं नाही.