खळ धुण्याआधी

बाबा, तुम्ही एकदा म्हणाला होतात, "कोरं दिसतं म्हणून कापड कोरं नसतं गं." मी दहा वर्षांची होते. गिरणीच्या रंगखात्यातून तुम्ही आणलेला कोऱ्या कापडाचा तुकडा मी न विचारता निळ्या रंगात बुडवला, तो डागाडागांचा निघाला आणि मी रंगाच्या नावाने रडत बसले. तुम्ही तुकडा खिडकीच्या उजेडात धरलात. "विणताना सुताला खळ लावतात. ती धुतलीस का आधी? मग रंगाला कशाला नावं ठेवतेस?" मोरीतून आई ओरडली, "बापलेकीचं शास्त्र राहू दे. माझा टोप निळा झालाय, आता भात निळा शिजवू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शिजव. गोकुळाष्टमीला चालेल."

नवा रंग तुम्ही कधीच थेट अख्ख्या ताग्यावर चढवला नाहीत. आधी चार बोटांचा तुकडा, तोही न रंगवलेला, नीट धुतलेला. साहेब घाई करायचे. तुकडा वाळेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचा नाहीत. या हट्टाचं मोल मला फार उशिरा कळलं. आज लोअर परळला, तुमची गिरणी होती तिथल्याच काचेच्या इमारतीत, मी जवळपास तेच काम करते. आमचा तुकडा म्हणजे संगणकावरचं भाषेचं एक लहान मॉडेल. त्याने ढीगभर मजकूर वाचलाय आणि पुढचा शब्द कोणता येईल, एवढंच ते शिकलंय. प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं वळण त्याला अजून कोणी लावलेलं नाही. त्याला पायरीपायरीने विचार करायला शिकवता येतं का, हे आम्ही बघतो. गणित बरोबर आलं की शाबासकी, चुकलं की नाही. लहान अशासाठी, की बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून करता येतं, आणि काय कशाने बदललं ते दिसतं.

गेल्या आठवड्यात त्याचे गणितातले गुण भराभर वाढले. माझ्या हाताखालची मुलगी दादरहून पेढे घेऊन आली. "ताई, आपली पद्धत लागू पडली! सोमवारी सगळ्यांसमोर मांडून टाका." मी पेढा तोंडात घातला आणि तुमचा तो तुकडा उजेडात धरलेला हात आठवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनेच खळ तपासली. तेच कोरं मॉडेल पुन्हा घेतलं, आणि या वेळी उत्तर चूक की बरोबर हे न बघता, नाणं उडवल्यासारखी कशीही शाबासकी दिली. तरी गुण जवळजवळ तेवढेच वाढले. म्हणजे ते पायऱ्या मांडणं वाचनातूनच त्याच्यात आधी मुरलेलं होतं. आम्ही फक्त ते वर आणलं. दोन वर्षं खपल्यावर ज्याला मी माझा रंग समजले, तो बराचसा खळीचाच होता.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. पण तुमच्यापासून लपवून काय करू: तो दुसरा निकाल मी अजून कोणालाच दाखवलेला नाही. त्या मुलीलासुद्धा नाही. उद्या सोमवार आहे.

बाबा, एवढ्या एकाच वेळी, न धुतलेला तुकडा हातात घ्या आणि "चालेल" म्हणा ना.