संवादात नसलेला शब्द

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. मीही ठीक आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण ते डाव्या हाताचं आहे. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे. काळजी करू नकोस. वहिनींचा फोन आला तेव्हा हे बोलले नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीतच आहे.

वहिनी म्हणाल्या, तुमची छोटी आमच्या मालिकेचा एकही भाग चुकवत नाही. यानातली ती मुलगी आली की टाळ्या पिटते म्हणे. पिटणारच. आपल्यासारखं कुणीतरी टीव्हीवर तिला पहिल्यांदाच दिसलं असेल. मी शिवणखात्यातली, सगळ्यांचे अंतराळपोशाख मीच बेतते; पण मलाही ऑटिझम आहे हे कळल्यावर लेखकाने चहाला बोलावून बरंच काही विचारून घेतलं. आणि मग लिहिली एक मुलगी, जी पापणी हलवत नाही, यंत्रासारखी बोलते आणि नुसतं बघून कुलपं उघडते. मी म्हटलं, अहो, मला माझ्याच घराची किल्ली सापडत नाही. तो हसला. बदललं काहीच नाही. त्या यानात व्हीलचेअरवरचा एक कप्तानही आहे. एवढं मोठं यान बांधलं, पण त्यात एक उतार ठेवायचं कुणाला सुचलं नाही; त्यापेक्षा नव्या ग्रहावर त्याचे पायच बरे करून टाकले.

तर, हाताचं.

त्या मुलीला 'बरं' करण्याचा भाग होता. चार सैनिक तिला टेबलावर दाबून धरतात आणि मानेत चिप बसवतात. नटीला ताप आला. उंची-बांधा माझा तिच्याएवढा, तोंड हेल्मेटात झाकलेलं, म्हणून दिग्दर्शकाने मला विचारलं. मी हौसेने हो म्हटलं. 'थांबा', 'सोडा' हे ओरडणं दृश्यातच होतं, म्हणून खरंच थांबायचं असेल तर संवादात नसलेला एक शब्द ठरला. भोपळा. सगळे हसले, मीही हसले.

दिवे लागले आणि चौघे अंगावर आले. एकाचा गुडघा माझ्या मांडीवर, एकाचं कोपर गळ्याखाली, उजवा हात टेबलाच्या कडेवर ओढून धरलेला. श्वास अडकला. मी भोपळा म्हणाले. मग ओरडले. मनगट मोडल्याचा आवाज आधी आला, दुखलं नंतर. मी भोपळा, भोपळा करत होते आणि दिग्दर्शक लांबून म्हणाला, "चालू ठेवा. आवाज नंतर बदलू."

मी डोकं उचलून समोरच्याच्या तोंडावर आपटलं. हेल्मेटची काच फुटली, त्याचं नाक फुटलं, त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. दुसऱ्याची बोटं माझ्या दातांत सापडली. ती मी सोडली नाहीत. त्याला सोडवता सोडवता टेबल उलटलं, तेव्हा कुठे कॅमेरा थांबला.

नंतर बैठक झाली. दिग्दर्शकाला तेच दृश्य हवं होतं. इतकं खरं पुन्हा मिळणार नाही म्हणाला. तो शब्द कुणालाच ऐकू आला नाही, हेल्मेटात आवाज दबतो, असंही म्हणाला. ज्याचं नाक मी फोडलं तो स्टंटवाला पट्टी लावून मागे बसला होता. तो माझ्या बाजूने कशाला बोलेल? पण तो उभा राहिला.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या हाकेलाच ऐकू आलं. दिग्दर्शक थांबवतील म्हणून मी धरून ठेवलं."

दृश्य काढून टाकलं. दिग्दर्शकाला घरी बसवलं. चिप मात्र गोष्टीत राहिली. येत्या शनिवारी नटी उठून बसेल, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून हसेल आणि सगळे आनंदाने रडतील.

इथेच थांबणार होते. पण वहिनींनी आणखी एक सांगितलं. पुढच्या भागाची जाहिरात बघून तू छोटीला म्हणालास, बघ, तुलाही असंच बरं करू. आणि त्या केंद्रात तिचं नाव घातलंस, जिथे मूल डोळ्यांत बघेपर्यंत त्याला घट्ट दाबून ठेवतात. धरायचं आईबापांनीच असतं.

दादा, आपल्या घरीही तो उपचारवाला यायचा. बाबा माझे खांदे धरायचे आणि तुला माझ्या पायांवर बसवायचे. तू शाळेतून आलेला असायचास, गणवेशातच. शेवटी मी गप्प पडायचे आणि तो म्हणायचा, बघा, गुण आला. गुण कसला? दम संपलेला असायचा. तुला मी दोष देत नाही. पोरगा होतास, बाबांपुढे कुणाचं काय चालायचं? पण आता बाबा नाहीत. छोटीचे खांदे तू धरशील.

आपल्यात तेव्हा कुठला शब्द ठरलेला नव्हता. मला फारसे शब्द येतच नव्हते. मी 'दादा' म्हणत होते.

त्या स्टंटवाल्याने चारचौघांत सांगितलं. तू फक्त मला सांग, एका ओळीत. तुला ऐकू येत होतं ना? आधी त्या केंद्रातून छोटीचं नाव काढून ये, मग लिही.

अजूनही तुला हाक मारणारी,
तुझी धाकटी