भ्याले की कान मिटतात

९ जानेवारी १९७९, मंगळवार

पहिली उलटतपासणी झाली. झाली म्हणजे संपली, एवढंच.

हौसाबाईची केस. बाई विधवा. माहेर शाहूवाडीकडं, दिली इकडं कोल्हापूरजवळच्या खेड्यात. नवरा वारल्यावर शेतातला वाटा मागितला आणि थोड्याच दिवसांत दिराची वैरणीची गंजी जळली. दीर बाबू म्हणतो हिनंच पेटवली. तो स्वतः त्या दिवशी कोल्हापुरात बाजारला होता, परतला तोवर गंजीची राख झालेली, अशी त्याची साक्ष. शिक्षा झाली तर बाई तुरुंगात. वाट्याचं नाव मग कोण काढणार?

इनामदारसाहेबांनी (इ. सा.) विश्वासानं केस माझ्याकडं दिली. नाहीतर त्यांच्या ऑफिसात मी आजवर नुसते तारीख वाढवून मागायचे अर्ज लिहीत होते.

आज साक्षीला शेजारचा शिवा. दिवस मावळताना हौसाबाईला गंजीला काडी लावताना बघितलं म्हणाला. मी उठले. प्रश्न पाठ, वर कागदावर पण लिहिलेले. कानशिलं तापलेली. मी विचारत गेले, तो सांगत गेला. खाली बसले तेव्हा वाटलं, बरं झालं की.

व्हरांड्यात इ. सा. म्हणाले, "तो काय बोलला ऐकलंस?"

कधी, म्हटलं. त्यांनी पानाचा डबा उघडला. 

१० जाने.

इ. सा. नी आज सांगितलं. चेहरा दिसला का, असं मी विचारलं होतं. शिवा मोठ्यानं "व्हय" म्हणाला. मॅजिस्ट्रेटसाहेब ते उतरवून घेत होते, तेवढ्यात मान खाली घालून पुटपुटला, "बाबू म्हनला तीच व्हती, म्हंजी तीच की."

म्हणजे त्यानं बघितलेलंच नाही. मी त्याच्या समोर उभी. "काय म्हणालात?" एवढंच विचारायचं होतं, म्हणजे ते लिहिलं गेलं असतं. मी काय विचारलं, तर तुमचं घर गंजीपासून किती लांब.

मला थांबवलं का नाहीत, असं जरा रागानंच विचारलं. म्हणाले, मागून दोनदा तुझा कोट ओढला. तुला कळलंसुद्धा नाही.

खरंच कळलं नव्हतं. ह्याचीच जास्त भीती वाटते. चूक समजू शकते. पण मी तिथं होते आणि नव्हते, हे काय?

११ जाने.

हौसाबाई ऑफिसात आली, ओटीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. बरं झालं न्हवं परवा, म्हणाली. मी हो म्हटलं. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच हो.

शेंगा घेतल्या. खाववल्या नाहीत.

१४ जाने., रविवार

संक्रांत. घरीच. गल्लीतल्या पोरी तिळगूळ घेऊन आल्या. त्यातल्या एकीला तिच्या आईनं माझ्याकडं बोट करून सांगितलं, हिच्यागत वकील व्हायचं. आपल्यातली पहिली म्हणून सगळं मुडशिंगी गाव माझ्याकडं बघतं. कुठं तोंड लपवू असं झालं.

आईला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही ह्याचंच मला नवल. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुजं तसंच हाय. भ्यालीस की तुजं कान मिटत्यात. साळा तपासायला दिपोटी आलता, त्यानं नाव इचारलं तर तू गावाचं नाव सांगितलंस. सगळी साळा हसली. तुला वाटलं शाबासकी दिली."

मला काहीच आठवत नाही. आठवणार कसं, ऐकलंच नसेल तर.

एल्एल्. बी. ची तोंडी परीक्षा आठवली. सर काही समजावून सांगत होते आणि मी मधेच उत्तर देऊन टाकलं होतं. सर हसले होते. हुशारीवर खूश झाले, असं मी आजपर्यंत धरून चालले होते.

१५ जाने.

दुपारी पक्षकार नव्हते. इ. सा. खुर्चीत बसले, म्हणाले मी शिवा, विचार. मी सुरू केलं. चौथ्या-पाचव्या उत्तराला ते त्याच सुरात म्हणाले, माझी म्हैस काल उडून पन्हाळ्याला गेली. मी पुढचा प्रश्न विचारला. कारकून तोंडावर फाईल धरून हसला, तेव्हा थांबले.

रडू आलं. इ. सा. नी रडू दिलं. मग म्हणाले, "भीती जायची नाही, पोरी. माझी तीस वर्षांत गेली नाही. ती आली की तुझं काय होतं, तेवढं ओळखून ठेव."

आधी कानशिलं तापतात. मग पायाची बोटं चपलेत वळतात. मग जीभ पुढं पळते. हे आज पहिल्यांदा पाहिलं. म्हशीसकट परत सुरू केलं. दोनदा ऐकू आलं, एकदा नाही.

१६ जाने.

साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज करता येतो. पण कारण द्यावं लागतं. कारकून म्हणाला, ताप होता म्हणून लिहा ताई, कोण थर्मामीटर लावणार हाय? इ. सा. तू ठरव, म्हणाले.

ताप लिहिला तर सुटले. खरं लिहिलं तर उद्या बारमधले सगळे वकील बोलणार, बाई वकील म्हणजे असंच. त्याच्या पुढचंही बोलतील, जातीवरून, तोंडावर नाही. हे सगळं मनात चाललं होतं तेव्हा बोटं चपलेत वळलेली. घाईघाईत ताप लिहीतच होते. पेन ठेवलं. पाणी प्याले.

मग खरं लिहिलं. साक्षीदाराच्या उत्तरानंतरच्या शब्दांबद्दल माझ्या दुर्लक्षामुळे विचारायचं राहिलं, त्याचा भुर्दंड आरोपीला पडू नये.

१९ जाने., शुक्र.

अर्ज सुनावणीला निघाला. सरकारी वकिलांची हरकत, असं काही शिवा बोललाच नाही म्हणून. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अर्ज परत एकदा वाचला. म्हणाले, असं कारण कुणी देत नाही. लक्ष कुठं होतं तुमचं?

"भ्याले होते, साहेब."

मागं कुणीतरी हसलं. ऐकू आलं. साहेब हसले नाहीत. एकच संधी, मोजके प्रश्न, म्हणाले. मंजूर.

बाहेर हौसाबाईला सगळं सांगितलं. त्या दिवशी बरं झालं नव्हतं, हेही. ती वकील बदलते म्हणेल असं वाटलं. म्हणाली, "मी बी पोलीसपाटलापुढं भ्याले आन् अंगठा दिला. कशावर त्ये म्हाईत न्हाय."

२४ जाने.

एस. टी. स्टँडवर बाबू भेटला. भेटला कसला, मागंच उभा होता. मुडशिंगीच्या न्हवं तुमी, म्हणाला. पुढं काहीतरी बोलून गेला. ते मी ऐकलंच नाही. परत तेच. रांगेतल्या बाईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "तुमची गल्ली बी ठावं हाय म्हनला."

 घरी सांगितलं नाही. आईच्या लगेच लक्षात आलं असावं. दादा रोज स्टँडवर न्यायला येणार म्हणाला.

शिवाला तो किती पढवून आणणार आता. मीच अर्ज करून वाट मोकळी करून दिली की काय?

३० जाने., मंगळ.

आत्ताच लिहून टाकते.

शिवा उभा राहिला. आज कागद घेतला नव्हता. बोटं वळली. वळू दिली. मागच्या वेळी "बाबू म्हनला" असं बोललात का, विचारलं. न्हाय, म्हणाला. ठाम. पाठ केलेलं. झालं, संपलं, असं वाटलं. खाली बसायची घाई झाली.

बसले नाही. त्याच्याकडं बघत उभी राहिले. साहेबांनी मान वर केली. त्या शांततेत शिवाच घाबरला बहुतेक. आपणहून म्हणाला, "मला कुनी सांगायची काय गरज? मी पळत गेलो तवा बाबू सोता तितं पानी वतत हुता."

ऐकलं.

"आग लागली होती तेव्हा बाबू तिथं होता?"

"व्हय की. बारडी घिऊन."

साहेब लिहीत होते. मी थांबले. लिहून झाल्यावर म्हटलं, आणखी विचारायचं नाही. बाबू त्या वेळी बाजारात होता, हे त्याच कोर्टात शपथेवर लिहिलेलं आहे. सरकारी वकिलांनी सारवासारव करायला दोन-तीन प्रश्न घातले. शिवा बारडीला धरूनच राहिला.

इ. सा. बाहेर एवढंच म्हणाले, चहा घेऊ.  बशीत ओतून त्यांनी पुढं केला.

९ फेब्रु., शुक्र.

आज निकाल. हौसाबाई पहाटेच निघून आली होती. शेळी शेजारणीकडं बांधली, चुलीतला विस्तव विझवला, दाराला कडी घातली. लेकीला माहेरी धाडलं. नवं लुगडं नेसली नाही, आत घेऊन गेले तर त्ये कशाला खराब, म्हणाली.

सुटंन का मी, तिनं विचारलं. हो तोंडापर्यंत आलं. गिळलं. माहीत नाही मावशी, म्हटलं. बारडीचं काम आपल्या बाजूचं आहे, पोलीसपाटलापुढं अंगठा दिलेला कबुलीचा कागद आपल्या विरुद्ध. साहेब कशाला धरतील सांगता येत नाही.

ती मग म्हणाली, कुनी तरी सरळ सांगितलं.

साडेअकराला पुकारा. बाबू कठड्याला रेलून माझ्याकडंच बघत होता. मी पण एकदा बघितलं. साहेबांनी सांगितलं, निकालपत्र पुरं झालेलं नाही, सोमवारी. एवढंच. पुढच्या केसचा पुकारा झाला.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हौसाबाई म्हणाली, मग आज शेळी सोडून आणते, दोन दिस तरी तिचं दूध मी काढंन. शिक्षा धरूनच चाललीय ती. तिला धीर द्यायला काहीतरी बोलावं वाटलं, खूप वाटलं. बोलले नाही. ती पुढं शेळीबद्दल, तिच्या पिलाबद्दल सांगत राहिली, स्टँड येईपर्यंत. सगळं ऐकलं.

सोमवारची भीती वाटते.